दुसरी पायरी कोणती?



आमच्या शाळेत रोज सकाळी फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात सुविचार लिहायचा असतो. तुमच्याही शाळेत असेलच. प्रार्थना झाली की ज्याची पाळी असेल तो खडू घेतो, पाठ असलेल्या चार-पाच सुविचारांपैकी एक लिहितो, आणि दिवसभर तो सुविचार बिचारा वर टांगलेला असतो. त्याच्याकडे कुणी बघत नाही. खरं सांगायचं तर आम्ही शिक्षकही बघत नाही!

मागे एका सोमवारी फळ्यावर लिहिलं होतं, ‘अपयश ही यशाची पहिली पायरी आहे.’ मी हजेरी घेत होते. तेवढ्यात सातवीतली एक मुलगी उभी राहिली. तिचं नाव काही मी सांगणार नाही, कारण ती हा अंक नक्की वाचते! ती म्हणाली,

“बाई, पहिली पायरी अपयश. मग दुसरी पायरी कोणती?”

वर्ग खो खो हसला. मलाही उत्तर सुचेना. आणि उत्तर सुचलं नाही की आम्ही मोठी माणसं काय करतो, ते तुम्हांला ठाऊक आहेच. मी म्हटलं, “खाली बस. उगाच फाटे फोडू नकोस.”

ती बसली. पण तिने तो प्रश्न गंमत म्हणून विचारला नव्हता, हे मला कळायला हवं होतं. कारण दोनच दिवसांपूर्वी मी स्वतः तिच्याबरोबर तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाला गेले होते. तिने विद्युतचुंबकाची क्रेन बनवली होती. पुठ्ठ्याचा मनोरा, दोऱ्याची कप्पी, टोकाला तार गुंडाळलेला लोखंडी बोल्ट. बटण दाबलं की बोल्टचं चुंबक होतं आणि टाचण्या उचलतं. बटण सोडलं की टाचण्या खाली. शाळेत दहा वेळा करून बघितलं, दहाही वेळा चाललं. प्रदर्शनाच्या आदल्या रात्री तिच्या वडिलांनी कौतुकाने नवी, लखलखीत तांब्याची तार आणून दिली. जुनी तार मळकी दिसत होती ना! रात्री जागून तिने सगळा बोल्ट पुन्हा गुंडाळला.

आणि प्रदर्शनात परीक्षक समोर उभे असताना तिने बटण दाबलं, तेव्हा एकही टाचणी हलली नाही. तिने पुन्हा दाबलं. पुन्हा दाबलं. परीक्षक “बरं, बरं” म्हणत पुढच्या टेबलाकडे गेले. परत येताना एस.टी.त ती ती पिशवी मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत बसली होती. मी तिची समजूत काढायला म्हटलं, “जाऊ दे गं. पुढच्या वर्षी आपण तक्ता करू. तक्ता कधी बंद पडत नाही.”

मुलांनो, मला वाटलं होतं, मी तिला धीर दिला. पण नीट बघा, मी तिला काय सांगितलं? जे बंद पडू शकतं, ते करूच नकोस!

त्या सोमवारी दुपारी चाचणीचा पेपर घेऊन मी झेरॉक्सच्या दुकानात गेले. चाळीस प्रती काढायच्या होत्या. यंत्रातून कागद भराभर बाहेर पडत होते. मी पहिला कागद हातात घेतला. नुकत्याच तव्यावरून उतरलेल्या पोळीसारखा गरम! आणि एकदम मला त्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. ज्या माणसाने हे यंत्र शोधून काढलं, त्याची गोष्ट मी कधीतरी वाचली होती. दुसऱ्या दिवशी ती मी वर्गाला सांगितली. आज तुम्हांला सांगते.

त्याचं नाव चेस्टर कार्लसन. १९०६ साली अमेरिकेतल्या सिॲटल शहरात तो जन्मला. वडील न्हावी होते, पण क्षयाने आणि संधिवाताने त्यांना जवळजवळ जखडून टाकलं होतं. त्यामुळे चेस्टर अगदी लहानपणापासून शाळेच्या आधी आणि शाळेनंतर मिळतील ती कामं करायचा. चौदा वर्षांचा झाला तेव्हा घर मुख्यतः त्याच्याच कमाईवर चालत होतं. सतरा वर्षांचा असताना आईही क्षयाने गेली. पुढे काही काळ तो आणि वडील एका खोलीत राहिले. ती खोली म्हणजे पूर्वी कोंबड्या ठेवायची जागा होती, बरं का!

एवढ्या ओढग्रस्तीतही त्याला एक नाद होता, छपाईचा. गावातल्या एका छापखान्यात तो काम करायचा. तिथलं एक जुनं छापयंत्र त्याने मिळवलं आणि रसायनशास्त्राचं एक छोटंसं मासिक काढलं. दोनच अंक निघाले. एक-एक खिळा जुळवून ओळ तयार करायची, म्हणजे किती वेळखाऊ काम! एका कागदाचे दोन कागद करणं इतकं अवघड का असावं, हा प्रश्न तेव्हापासून त्याच्या डोक्यात बसला असावा.

मिळेल ते काम करत तो शिकला. १९३० साली त्याने पदार्थविज्ञानाची पदवी मिळवली. पण तेव्हा अमेरिकेत भयंकर मंदी आली होती. त्याने नोकरीसाठी किती कंपन्यांना अर्ज केले असतील? ८२! नोकरी एकानेही दिली नाही. शेवटी न्यूयॉर्कमध्ये एक नोकरी लागली, तीही १९३३ साली सुटली. मग दुसऱ्या एका कंपनीच्या पेटंट विभागात त्याला काम मिळालं. पेटंट म्हणजे काय? तुम्ही एखादी नवी वस्तू शोधून काढलीत, तर ती तुमची आहे, ठरावीक वर्षं दुसऱ्या कुणी परवानगीशिवाय बनवायची नाही, असा सरकारचा कागद. त्या कामात एकेका कागदाच्या अनेक प्रती लागत. आकृत्याही असत.

आता तुम्ही म्हणाल, मग झेरॉक्स काढायची! अहो, पण तेव्हा झेरॉक्स होतं कुठे? टाइपरायटरमध्ये कार्बन घालून मजकुराच्या प्रती निघत, आकृत्यांच्या नाहीत. फोटो काढून प्रत करता येई, पण तिला वेळ लागे आणि पैसेही. तुमच्या आजी-आजोबांना विचारा. त्यांच्या शाळेत प्रश्नपत्रिका सायक्लोस्टाइलवर निघत. स्टेन्सिल कापायचं, शाई लावायची, हँडल फिरवायचं. प्रश्न कमी आणि शाईचे डाग जास्त!

कार्लसन रात्रीच्या कॉलेजात कायदाही शिकत होता. पुस्तकं विकत घ्यायला पैसे नव्हते. म्हणून न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात बसून तो पानंच्या पानं हाताने उतरवून घ्यायचा. हात दुखून यायचा. त्यातून त्याने ठरवलं, बटण दाबताच कागदाची प्रत निघेल, असं काहीतरी शोधायचं. त्याच ग्रंथालयात तो महिनोन्‌महिने विज्ञानाची पुस्तकं चाळत राहिला.

त्याला जी युक्ती सापडली, ती समजायला सोपी आहे. कोरड्या केसांवर कंगवा घासला की तो कागदाचे कपटे ओढून घेतो, हे तुम्ही केलंच असेल. घासल्यामुळे कंगव्यावर विद्युतभार येतो. आता काही पदार्थ असे आहेत की ते अंधारात विजेला अडवून धरतात, पण उजेड पडला की तिला वाहू देतात. समजा, धातूच्या पत्र्यावर अशा पदार्थाचा थर दिला आणि घासून त्यावर विद्युतभार आणला. मग अक्षरं लिहिलेली काच वर ठेवून दिवा लावला. जिथे उजेड पडला तिथला भार निघून गेला. अक्षरांच्या सावलीत मात्र तो तसाच राहिला. आता वरून बारीक भुकटी टाकली तर ती कुठे चिकटेल? बरोबर, फक्त अक्षरांवर! त्यावर कागद दाबला की अक्षरं कागदावर आली. थोडी ऊब दिली की पक्की झाली. शाई नको, पाणी नको.

सांगायला पाच ओळी लागल्या. करायला किती लागलं, ते ऐका.

कार्लसनने पहिले प्रयोग घरच्या स्वयंपाकघरात केले. स्टोव्हवर गंधक वितळवून जस्ताच्या पत्र्यावर त्याचा थर द्यायचा. (तुम्ही हे मुळीच करायचं नाही, बरं का!) सडक्या अंड्यांसारखा वास इमारतभर पसरे. एक-दोनदा आगही लागली. शेवटी त्याने ॲस्टोरिया नावाच्या भागात एक लहानशी खोली भाड्याने घेतली आणि ओटो कोर्नाई नावाच्या, ऑस्ट्रियातून आलेल्या एका बेकार तंत्रज्ञाला मदतीला ठेवलं.

२२ ऑक्टोबर १९३८. कोर्नाईने काचेच्या पट्टीवर शाईने त्या दिवसाची तारीख आणि ‘ॲस्टोरिया’ हे नाव लिहिलं. गंधकाचा थर दिलेला पत्रा रुमालाने खसाखसा घासला. वर काच ठेवली, काही सेकंद प्रखर दिवा लावला, भुकटी शिंपडली आणि हळूच फुंकर मारली. जादाची भुकटी उडाली आणि पत्र्यावर अक्षरं राहिली! मेणकागद दाबून त्यांनी ती उचलली. कार्लसन तेव्हा ३२ वर्षांचा होता. दोघांनी तोच प्रयोग पुन्हा केला, खात्री पटवली आणि बाहेर जाऊन जेवण केलं.

गोष्ट इथे संपायला हवी होती, नाही का? शोध लागला, टाळ्या वाजल्या. पण मुलांनो, टाळ्या वाजल्याच नाहीत. खरी गोष्ट इथून सुरू होते.

काही महिन्यांतच कोर्नाई दुसरी नोकरी धरून निघून गेला. त्याला या शोधात भवितव्य दिसेना. त्याला नावं ठेवू नका, त्यालाही पोट होतं. कार्लसन एकटा उरला. १९३९ ते १९४४ ही पाच-सहा वर्षं तो आपला शोध घेऊन कंपन्यांची दारं ठोठावत फिरला. वीसहून अधिक कंपन्यांनी त्याला नकार दिला. त्यांत मोठमोठी नावं होती. त्यांना दिसे काय? एक पत्रा, एक रुमाल, थोडी भुकटी आणि कागदावर उमटलेली पुसट अक्षरं. ‘कार्बन पेपर असताना हे कशाला?’ असंच बहुतेकांना वाटलं असणार.

इथे थांबा आणि एक गोष्ट लक्षात घ्या. कार्लसनने या काळात नोकरी सोडली नाही. घरदार वाऱ्यावर टाकून तो वेडापिसा झाला नाही. दिवसा काम, रात्री आणि सुटीच्या दिवशी हा ध्यास. चिकाटी म्हणजे डोकं भिंतीवर आपटत राहणं नव्हे.

१९४४ साली ओहायो राज्यातल्या बॅटेल या संशोधन संस्थेचे एक गृहस्थ पेटंटच्याच कामासाठी त्याच्या कचेरीत आले. बोलता बोलता कार्लसनने त्यांना आपला शोध सांगितला. त्यांनी रस दाखवला आणि बॅटेलने प्रयोग हाती घेतले. तिथल्या लोकांनी काय विचारलं असेल? ‘चालतं का?’ एवढंच नाही. ‘नीट का चालत नाही?’ हेही.

अक्षरं पुसट का येतात? गंधकाला उजेड फार लागतो म्हणून. मग दुसरा पदार्थ शोधा! सेलेनियम सापडलं, ते कितीतरी कमी उजेडात काम करतं. भुकटी नको तिथेही का चिकटते? मग तिच्यात दुसरे बारीक कण मिसळून बघा! रुमालाने घासून भार सगळीकडे सारखा येत नाही? मग विजेच्या तारेने भार द्या! बघा हं, प्रत्येक ‘का’ने एक-एक अडचण दूर केली.

पुढे रॉचेस्टर शहरातल्या हॅलॉइड नावाच्या कंपनीने हे काम घेतलं. ती फोटोचा कागद बनवायची. या पद्धतीला नाव दिलं ‘झेरोग्राफी’. ग्रीक भाषेत झेरोस म्हणजे कोरडं आणि ग्राफी म्हणजे लेखन. ‘कोरडं लेखन’. आपल्या गल्लीतल्या पाटीवरचा ‘झेरॉक्स’ हा शब्द इतक्या दूरून आलाय!

१९४९ साली पहिलं यंत्र बाजारात आलं. आणि तेही फसलं! एक प्रत काढायला हाताने इतक्या कृती कराव्या लागत की कचेऱ्यांतल्या लोकांनी ते वापरून परत पाठवलं. पण गंमत अशी की, मोठ्या छपाईसाठी लागणारी मूळ पट्टी बनवायला ते छान उपयोगी पडतं, असं लक्षात आलं. ज्या कामासाठी केलं ते जमलं नाही, पण दुसरं जमलं. त्याच्या विक्रीवर पुढचं काम सुरू राहिलं.

मग आणखी दहा वर्षं. १६ सप्टेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्कमध्ये ‘९१४’ हे यंत्र लोकांना दाखवलं. ९ इंच बाय १४ इंचांचा कागद त्यात चाले, म्हणून नाव ९१४. वजन जवळजवळ ३०० किलो. तिथे दोन यंत्रं ठेवली होती. त्यांतल्या एकाने चक्क पेट घेतला! दुसरं मात्र चाललं. बटण दाबलं की साध्या कागदावर प्रत, मिनिटाला सात. बघता बघता कचेऱ्याकचेऱ्यांतून मागणी आली. यंत्रात कागद अडकून कधी कधी जळायचा, म्हणून कंपनी सोबत एक छोटं आग विझवायचं नळकांडं द्यायची. म्हणजे यश आलं तेव्हाही अपयश कोपऱ्यात उभं होतंच. त्याला घाबरून कुणी यंत्र बंद केलं नाही, नळकांडं जवळ ठेवलं.

१९३८ पासून १९५९ पर्यंत किती वर्षं होतात, करा बरं वजाबाकी! एकवीस. कार्लसन ५३ वर्षांचा झाला होता. नंतर त्याला अफाट पैसा मिळाला. १९६८ साली तो वारला, त्याआधी त्याने सुमारे दहा कोटी डॉलर दान केले होते. बरंचसं दान नाव न सांगता. आणि मध्येच सोडून गेलेल्या कोर्नाईलाही तो विसरला नाही. त्याला त्याने कंपनीचे शेअर भेट पाठवले.

गोष्ट संपली तेव्हा वर्ग शांत होता. मी त्या मुलीकडे बघून म्हटलं, “तू काल विचारलंस त्याचं उत्तर मला आज सापडलं. दुसरी पायरी म्हणजे ‘का?’ अपयश नुसतं आलं म्हणून ते पायरी होत नाही. ‘का फसलं?’ असं विचारलं तरच त्यावर पाय ठेवता येतो. नाहीतर ती पायरी नाही, ठेच.” आणि मग सगळ्यांसमोर सांगितलं, “एस.टी.त मी तुला तक्ता कर म्हणाले, ते माझं चुकलं.”

ती काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन आली. मधल्या सुटीत आम्ही क्रेन टेबलावर ठेवली आणि वहीत ओळीने लिहायला लागलो. सेल संपले का? सेलला छोटा बल्ब लावला, लागला. म्हणजे सेल ठीक. बटण बिघडलं का? बल्ब बटणातून लावला, लागला. बटण ठीक. मग बल्ब बोल्टवरच्या तारेतून लावला. लागला नाही!

“बाई, आधी चालत होतं आणि मग बंद पडलं. मधे मी एकच गोष्ट बदलली होती,” ती हळूच म्हणाली. “तार.”

ती नवी लखलखीत तार मोटार वाइंडिंगच्या दुकानातून आणलेली होती. संध्याकाळी वडिलांना घेऊन ती त्याच दुकानात गेली. दुकानदारकाकांनी तारेचं टोक बोटांत फिरवलं आणि हसले. ती तार उघडी दिसते, पण तिच्यावर पारदर्शक रोगणाचा थर असतो. वेढे एकमेकांना चिकटून गुंडाळले तरी वीज इकडची तिकडे जाऊ नये म्हणून. टोकं पॉलिश पेपरने घासल्याशिवाय वीज आत शिरतच नाही! जुन्या तारेला प्लॅस्टिक होतं, ते तिने टोकाला सोललं होतं. नव्या तारेवर सोलायला काही आहे, हे तिला दिसलंच नव्हतं. तिच्या बाईंनाही दिसलं नव्हतं.

टोकं घासली. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर क्रेनने पहिल्याच झटक्याला सतरा टाचण्या उचलल्या. प्रदर्शन तर होऊन गेलं होतं. बक्षीस नाही, प्रमाणपत्र नाही. पण तिचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता! तिने वहीत लिहिलं, ‘कारण: टोकांवरचं रोगण.’ आणि त्या खाली, ‘प्रदर्शनाच्या आदल्या रात्री काही बदललं तर पुन्हा चालवून बघायचं.’ हे दुसरं वाक्य मला पहिल्यापेक्षा जास्त आवडलं.

आता थोडं आई-बाबांशी बोलते. आपलं मूल काही करायला जातं आणि ते फसतं, तेव्हा आपल्या तोंडून पटकन निघतं, ‘सांगितलं होतं ना!’ किंवा माझ्यासारखं, ‘जाऊ दे, सोपं काहीतरी कर.’ एक रागाचं, एक मायेचं. पण दोन्हींनी दार बंदच होतं. त्याऐवजी शेजारी बसून ‘का झालं असेल रे?’ एवढं विचारून बघा. उत्तर तुम्हांला ठाऊक नसलं तरी चालेल. मला तरी कुठे ठाऊक होतं?

आणि मुलांनो, तुम्हांला या आठवड्याचा अभ्यास. एक प्लॅस्टिकची फुटपट्टी घ्या. कोरड्या केसांवर वीस वेळा घासा आणि कागदाच्या बारीक कपट्यांजवळ न्या. किती कपटे उचलले, ते मोजा. मग आजीने तेल लावून दिलेल्या केसांवर घासून बघा. मग ओल्या हाताने फुटपट्टी पुसून बघा. जमलं तर पावसाळी हवेत करून बघा. काही वेळा प्रयोग फसेल. फसलाच पाहिजे! तारीख घालून वहीत दोन रकाने करा. एकात लिहा ‘फसलं’ आणि दुसऱ्यात ‘का?’

आमच्या वर्गात आता फळ्यावर तो सुविचार आला की त्याच्या खाली कुणीतरी हळूच एक शब्द लिहून जातं, ‘का?’ अक्षर कुणाचं, ते मी ओळखते. पण पुसत नाही.

तुमच्या बाई